एक जुलैच्या बाया

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर रुजू झाले, तेव्हा आमच्या रुग्णालयात माणसं ओळखायचं काम एका नव्या सॉफ्टवेअरकडे गेलेलं होतं. देवळीतलं आमचं ट्रस्टचं रुग्णालय काही फार मोठं नाही. पण दोन हजार सालानंतर तिथं जमेल तसं एकेक यंत्र आलं आणि प्रत्येकानं माणसांची आपली वेगळी यादी धरली. अंगठ्याच्या हजेरीची वेगळी, पगाराची वेगळी, कर्मचाऱ्यांना औषधं मिळतात त्या खिडकीची वेगळी. कुणी नवीन लागलं की तेच नाव मी सगळीकडे टाईप करत बसायची. आता आस्थापनेतले कारकून सदाशिवराव यांनी एकदा नोंद केली की झालं. दुपारी आणि संध्याकाळी ते सॉफ्टवेअर एक फेरी मारायचं आणि ती नोंद सगळ्या यंत्रांना पोचवून यायचं. आम्ही त्याला फेरीच म्हणायचो, पोस्टमनची असते तशी.

माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. बोरगाव मेघेहून सकाळच्या बसनं तिला कडेवर घेऊन यायचं, रुग्णालयाच्या मागच्या पाळणाघरात सोडायचं, कॉम्प्युटर रूमचं कुलूप काढायचं, असा माझा क्रम. पाळणाघर म्हणजे दोन खोल्या, समोर निंबाचं झाड आणि मंदाबाई नगराळे. बाकीच्या बाया पाळीपाळीनं बदलायच्या, मंदाबाई कायम असायच्या. लेकरू हातात घेताना त्या त्याला पाटील म्हणायच्या. माझीला पाटलीनबाई.

"आल्या का पाटलीनबाई? आज उशीर काऊन केला? बस चुकली का झोप उघडली नाई?"

आणि माझी लेक, जी माझ्या सासूबाईंकडेसुद्धा जाताना ओठ काढायची, ती खुशाल दोन्ही हात पुढं करायची.

त्या दिवशी मी दूध पाजायला गेले तर मंदाबाई पायरीवर बसून आपल्याच अंगठ्याकडे बघत होत्या.

"ताई, ते मशीन मले ओळखत नाई."

"हळद-बिळद लागली असेल. धुवून पाहा."

"राखीनं घासला. दोन्ही अंगठे लावले, मंग एकेक बोट लावलं. वाचमन म्हणे, आता पायाचा लाव." त्या हसल्या नाहीत. "दोन आठवडे होऊन राह्यले. मी येतो, लाल लाईट लागते, मी कामाले लागतो. सदाशिवराव म्हणते पाहू पाहू. शनिवारी यादी हाय ना ताई."

यादीचं मला माहीत होतं. ट्रस्टनं बऱ्याच वर्षांनी काही रोजंदारीवरच्या बायांना कायम करायचं ठरवलं होतं. अट एकच, सेवेत खंड नको. शनिवारच्या सभेत ट्रस्टचे सचिव भैयाजी ती यादी वाचणार होते. ज्यांच्या सेवेत खंड त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि पुढची यादी कधी निघेल हे कुणाला ठाऊक नव्हतं. मंदाबाई तिथं सत्त्याण्णवपासून होत्या. नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या, ओसरीतल्या एका कोपऱ्यात.

"भावजय वाईट नाई," त्या म्हणाल्या. "पण पाहुणा आला का माही पेटी बाहेर जाते. पाहुणा गेला का आत येते. कायम झालं तं क्वार्टर भेटते म्हणते. एक खोली बस झाली मले. पेटी एका जागी राह्यली पाहिजे."

लेक पिता पिता झोपली होती. मी तिला त्यांच्या मांडीवर दिलं आणि आस्थापनेत गेले.

सदाशिवराव रिटायरमेंटला आलेले. त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर असूनही ते त्याच्याकडे किंचित तिरपे बसायचे, नको असलेल्या शेजाऱ्याजवळ बसल्यासारखे.

"मंदाबाईचं म्हणता ना? बापा, काही विचारू नका. हे पाहा." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मंदाबाईंच्या नावापुढं सेवा चालू असं दिसत होतं. "हे मी आत्ताच केलं. रोज करतो. मी तिले सकाळी जित्ती करतो आन् दुपारच्या फेरीत तुमचं सॉफ्टवेअर तिले मारून टाकते. रोज. मी थकलो, ते थकत नाई."

"मारतं म्हणजे?"

"सेवा समाप्त. अंगठ्याच्या मशीनमंदी, औषधाच्या खिडकीवर, सारीकडं. मी म्हणतो, नवीन नोंदच करून टाकू का तिची? नवा नंबर, नवा अंगठा. झगडा खतम."

"नवीन नोंद केली तर ती आज लागली असं होईल ना सदाशिवराव. मग खंडच खंड."

त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला. "हे बी खरं हाय."

त्या दुपारी मी फेरी जाताना पाहत बसले. सॉफ्टवेअर कुठं काय पोचवलं ते एका बाजूला लिहून ठेवतं. मंदाबाईंच्या ओळीवर आधी उमटलं चालू. आणि लगेच त्याच्याखाली, पापणी लवायच्या आत, बंद. म्हणजे सदाशिवरावांचं म्हणणं सॉफ्टवेअर ऐकत होतं. ऐकून घेतल्यावर आणखी कुणीतरी त्याच्या कानात दुसरं सांगत होतं, आणि नंतर सांगणाऱ्याचं खरं धरलं जात होतं.

मी पुण्याला कंपनीत फोन लावला. आमचं काम पाहणारा अंकित भला माणूस होता, फक्त घाईत असायचा.

"मॅडम, सॉफ्टवेअर स्वतःहून कुणाला बंद करत नाही. निरोप तुमच्याकडूनच येतोय. तुमच्याकडचं कुणीतरी तिला बंद करतंय."

"आमच्याकडे नोंद करणारे एकच आहेत, आणि ते तिला चालू करून करून थकलेत."

"मग नवीन रेकॉर्ड करून टाका ना."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. सगळ्यांनाच नवीन मंदाबाई करायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये लेक माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती आणि मी विचार करत होते की मशीन मंदाबाईंना बंद करतंय, ते ठीक, पण बाकी काय काय करतंय? आपण फक्त बंद झालेलं पाहिलं. लागलेल्या दिव्याकडेच सगळे बघतात. म्हणून गेल्या गेल्या मी प्रत्येक यंत्रात मंदाबाई कशा दिसतात ते वाचायला घेतलं, पूर्ण, वरपासून खालपर्यंत. हजेरीत दुसरं काही वावगं नव्हतं. पगारात काही नव्हतं. औषधाच्या खिडकीच्या यादीत नाव मंदाबाई नगराळे, आणि विभाग होता धुलाई.

मंदाबाई धुलाईत कधीच नव्हत्या.

"सदाशिवराव, धुलाईत नगराळे कोण आहे?"

"होती ना. अनुसयाबाई. ते गेली आता. लेकानं नेली वडनेरले, नातू झाला म्हणून. मीच तं कागद केले तिचे, मागच्या महिन्यात." बोलता बोलता ते थांबले. "तिची सेवा समाप्त मीच टाकली."

आम्ही दोघींच्या नोंदी शेजारी शेजारी उघडल्या. दोन वेगळे नंबर, दोन वेगळी नावं, दोन वेगळे विभाग. आडनाव एक. आणि जन्मतारीख, दोघींची, एक जुलै एकोणीसशे अठ्ठावन्न.

आता मला ते दिसायला लागलं. जुन्या यंत्रांत प्रत्येकाचा नंबर वेगळा होता. त्यामुळे सॉफ्टवेअर बसवताना कुठल्या यादीतला कोण म्हणजे दुसऱ्या यादीतला कोण, हे जुळवायला कंपनीनं एक नियम केला होता. पहिलं नाव घेऊन उपयोग नव्हता, कारण एकीकडे मंदा, दुसरीकडे मंदाबाई, तिसरीकडे मंदाताई. म्हणून आडनाव सारखं, बाई का पुरुष ते सारखं आणि जन्मतारीख सारखी असली, की तो एकच जीव धरायचा. पुण्यात बसून हा नियम चांगलाच वाटला असणार. त्यानं मंदाबाई आणि अनुसयाबाईंना एकाच दोऱ्यात ओवलं होतं. दोघी कामावर होत्या तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. अनुसयाबाई गेल्या, आणि रोज दुपारी मंदाबाईंना सोबत घेऊन जाऊ लागल्या.

"पण दोघी एकाच दिवशी जन्मल्या, अगदी सालासकट?" मी म्हटलं.

सदाशिवराव चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसला.

"जन्मल्या नाई. मी जन्मवल्या."

"म्हणजे?"

"सत्त्याण्णव साली ट्रस्टनं एकदम बाया घेतल्या, उन्हाळ्यात. त्या झाडाखाली रांग होती. शाळेत गेलेल्या एकदोन. बाकीच्यांले विचारलं, बाई जन्म कधीचा, तं कोणी म्हणे कापूस वेचणीच्या वक्ताचा, कोणी म्हणे मोठा बैल मेला त्या साली. आता बैल मेल्याचं साल मी कुठून आणू? कागद म्हणे रकाना रिकामा ठेवता येत नाई. मंग शाळेतले गुरुजी लिहितात तसं मी बी लिहिलं. एक जुलै."

"आणि साल?"

"तोंड पाहून."

मी हसू दाबलं. ते दाबलं गेलं नाही.

"हसा. तुमी हसा मॅडम. उन्हात उभ्या होत्या दोघी एकामागं एक, जावा-जावा. दोघींची तोंडं सारखीच सुकलेली. मले दोघीबी अठ्ठावन्नच्या वाटल्या."

मी सगळ्या याद्यांतून एक जुलै शोधून काढला. पडदा भरला, खाली सरकवला, पुन्हा भरला. तीच तारीख माझ्या वडिलांच्या दाखल्यावर आहे, माझ्या मोठ्या आत्याच्याही. आमच्याकडे त्यात कुणाला नवल वाटत नाही. मी अंकितला फोन केला आणि त्या पडद्याचा फोटो पाठवला.

"मॅडम, हा टेस्ट डेटा आहे का? एवढी माणसं एकाच तारखेला कशी जन्मली?"

"टेस्ट नाही, जिती माणसं आहेत. यातली दोन तर आत्ता माझ्या खिडकीखाली भांडतायत."

तो पहिल्यांदा घाईत नव्हता. म्हणाला, नियम बदलायला वरून मंजुरी लागेल, आठवडा तरी जाईल. पण तो नियम आपण इथून झाकून, म्हणजे तात्पुरता बंद करून, ठेवू शकतो, आणि ज्या जोड्या चुकून जुळल्यात त्या हातानं सोडवू शकतो, सेवेचा नंबर पाहून. फक्त एक सांभाळायचं. आधी फेरी थांबवायची, मग सोडवायचं. फेरी मध्येच निघाली तर अनुसयाबाई वडनेरहून परत कामावर येतील आणि मंदाबाई कायमच्या जातील.

दुपारच्या फेरीला वेळ थोडाच होता, आणि तीच लेकीच्या दुधाची वेळ. माझ्या अंगाला ते आधी कळलं, घड्याळ नंतर पाहिलं. मी फेरी थांबवली. एकेक जोडी सोडवायला लागले. नगराळे, ताकसांडे, कामडी, परत ताकसांडे. ब्लाऊज ओला झाला, मी पदर ओढून घेतला. मधेच दारात मंदाबाई उभ्या, कडेवर माझी लेक, डोळे रडून सुजलेले. लेकीचे.

"पाटलीनबाई आयकत नाई ताई. तुमी काम करा, मी धरतो तिले, तुमी फक्त पदर सरकवा."

तशी मी तिला पाजलं, एक हात माऊसवर. मंदाबाई खुर्चीमागं उभ्या राहून तिचं डोकं सांभाळत होत्या. पडद्यावर त्यांचंच नाव होतं. त्यांना वाचता येत नव्हतं आणि मी काही बोलले नाही, कारण अजून व्हायचं होतं. शेवटची जोडी सुटली. नियम झाकला. फेरी सोडली.

चालू. मी खाली पाहत राहिले. त्याच्याखाली काही उमटलं नाही.

"मंदाबाई, जाऊन अंगठा लावून पाहा."

त्या गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, "हिरवी लागली. वाचमननं मले तीनदा लावाले लावला, त्याचा इश्वास बसेना."

मला वाटलं, संपलं. पण सदाशिवराव संध्याकाळी यादी घेऊन आले, आणि त्यात मंदाबाईंचं नाव नव्हतं. पुढचं सुधारलं होतं, मागचं तसंच होतं. त्या दोन आठवड्यांत यंत्राच्या लेखी त्या सेवेतच नव्हत्या. खंड पडलेला होता, आणि तो खंड खरा की खोटा हे यादी काढणाऱ्या प्रोग्रामला कळायचं कारण नव्हतं.

"तुमच्या हातात हाय ना मॅडम," सदाशिवराव हळू आवाजात म्हणाले. "तितले दिवस भरून टाका. कोण पाह्यते?"

माझ्या हातात होतं. तसा पासवर्ड माझ्याकडे होता. दोन आठवडे रोज सकाळी मी माझं लेकरू त्या बाईच्या हातात दिलं होतं आणि रोज संध्याकाळी परत घेतलं होतं. त्या नव्हत्या असं म्हणणाऱ्या यंत्रापेक्षा मला जास्त माहीत होतं. मी हजेरीचा पडदा उघडलाही. मग बंद केला.

घरी नवऱ्याला, प्रफुलला, सांगितलं. तो लेकीला पायांवर झोके देत होता. म्हणाला, "खरं आहे ते लिहायला काय हरकत आहे?"

"खरं आहे, पण मी लिहिलं तर ते मी लिहिलेलं होईल. उद्या कुणी म्हणेल, पाळणाघरात स्वतःची पोर ठेवणाऱ्या बाईनं पाळणाघरातल्या बाईची हजेरी भरली. मग मंदाबाईंचं कायमपण त्या एका वाक्यावर लटकेल."

तो झोके देत राहिला. "मग जे पाहिलं ते तोंडानं सांग. तू एकटीच होतीस का बघायला?"

मी एकटी नव्हते. शुक्रवारी सकाळी पाळणाघराच्या पायरीवर मी सुलोचना सिस्टरला गाठलं. तिचा मुलगा दीड वर्षाचा, मंदाबाईंचा सगळ्यात जुना पाटील. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चला मंग. लेकरं घेऊनच जाऊ. कागदापेक्षा आवाज तरी करतात."

भैयाजींच्या खोलीत आम्ही पाच-सहा जणी उभ्या राहिलो, काही ड्युटीच्या कपड्यांत, काही रात्रपाळी करून निघालेल्या, आणि मागं सदाशिवराव. भैयाजी केस पांढरे झालेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. एक जुलै, जावा-जावा, दुपारची फेरी. मधे एकदा सदाशिवरावांकडे पाहिलं, तर सदाशिवराव पंख्याकडे पाहत होते.

"म्हणजे चूक यंत्राची," भैयाजी म्हणाले. "पण हजेरी तर नाहीच लागली ना. यंत्र म्हणते बाई नव्हती."

"बाई नव्हती तं आमचे लेकरं कोणी सांभाळले भैयाजी?" सुलोचना म्हणाली. "आम्ही साऱ्या त्या दिवसांत ड्युटीवर होतो. ते तुमचं यंत्रच सांगते, आमचे अंगठे हिरवे हायेत. घरी माह्या कोणी नाई. मंग हा काय माह्या खिशात होता?" आणि तिनं मुलगा पुढं केला. त्यानं भैयाजींचा पेपरवेट उचलला.

भैयाजींनी तो सोडवून घेतला नाही. माझ्याकडे वळले.

"तुम्हाला ती हजेरी कॉम्प्युटरवर भरता आली असती?"

"आली असती."

"मग काऊन नाई भरली?"

"माझी लेक तिथं असते म्हणून."

त्यांनी एक कोरा कागद सदाशिवरावांपुढं सरकवला. मग म्हणाले, "सदाशिवराव, लिहा. यंत्रातील चुकीमुळे नोंद झाली नाही, बाई हजर होती, या सगळ्या जणींनी सांगितलं. यांच्या सह्या घ्या. खाली मी करतो. आन् त्या जन्मतारखा राहू द्या आता. एकदा जन्मवलं ते जन्मवलं."

शनिवारी यादी वाचली गेली तेव्हा मी घरी होते, लेकीला आंघोळ घालत होते. सोमवारी पाळणाघरात गेले तर मंदाबाईंनी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. फक्त निंबाखाली सगळ्या लेकरांच्या हातावर साखरेची एकेक चिमूट होती.

"भेटली का खोली?"

"भेटली. नळाच्या बाजूची. पेटी काल रातीच नेली." मग त्या माझ्या लेकीची कुंची सारखी करत राहिल्या, सारखी असताना. "ताई, दुसरा बी कागद आला. कायम झालेल्या बाया वॉर्डात देतात म्हणते. एक तारखेपासून मी बाळंतिणीच्या वॉर्डात. इथं रोजंदारीवरची नवी येईन."

हे मला माहीत असायला हवं होतं. नियम जुनाच होता, माझ्या डोक्यातच आला नाही.

"तुम्हाला पाहिजे होतं का वॉर्ड?" मी विचारलं.

"मले खोली पाहिजे होती," त्या म्हणाल्या. "वॉर्ड तिच्यासंगं आला."

एक तारखेला सदाशिवरावांनी बदलीची नोंद केली. मी दुपारची फेरी पाहत बसले. मंदाबाईंच्या ओळीवर नवा विभाग उमटला, मग हजेरीत, मग पगारात, मग औषधाच्या खिडकीवर, सगळीकडे तोच. कुठंही चूक नव्हती. मी दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासायला गेले आणि मग उठून पाळणाघरात गेले.

नवी बाई तरुण होती, घाबरलेली. माझी लेक रडून रडून हिरमुसली होती आणि वाटीतलं वरण तसंच होतं. मी तिला छातीशी घेतलं. संध्याकाळी बसकडे निघाले तर वॉर्डाच्या दारात मंदाबाई उभ्या, अंगावर नवी निळी साडी, घडी न मोडलेली. लेकीनं माझ्या कडेवरून जवळजवळ उडीच मारली. मंदाबाईंनी तिला घेतलं, हुंगलं, पोटाला हात लावून पाहिला.

"जेवली नाई पाटलीन."

"नाही. वरण तसंच होतं."

"त्या नव्या पोरीले सांगजा ताई, वरण अजून पातळ कर म्हणा. अन् भरवतानी उभी राह्य म्हणा, झाडाकडं तोंड करून. बसलं का ही तोंड फिरवते. पाखरू दाखवलं का आ करते, तेवढ्यात घालाचं."

आतून कुणी हाक मारली. त्यांनी लेकीला माझ्याकडे दिलं आणि वॉर्डात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या बाईला सगळं त्याच क्रमानं सांगितलं, वरण, उभं राहणं, झाड, पाखरू. ती मान हलवत होती. मग मी पाच मिनिटं थांबले आणि तिच्यासमोर एक घास भरवून दाखवला.